गाड्यावर माणूस नसतो

९ जानेवारी २००६, सोमवार. पुणे

साहेबांनी आज माझी गेम पाहिली — माझी, पहिलीवहिली! चार वर्षं दुसऱ्यांच्या गेम मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यात कोंबत आले. क्रिकेट, कॅरम, परत क्रिकेट. ही मात्र पहिल्या ठिपक्यापासून मी रचलेली. बैलगाडा! आमच्या आंबेगाव-जुन्नरकडचा घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, पुढे घोडी, मागे चार बैल, कडेला माणसंच माणसं.

साहेब म्हणाले, "तेजस्विनी, झकास. पण गाडीवान काढायचा राहिलाय."

म्हटलं, राहिलेला नाही. आमच्याकडे गाड्यावर माणूस नसतो. खालून बैल सोडायचे, ते आपले आपण घाट चढतात. बारा-तेरा सेकंदांत बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपते.

"मग खेळणाऱ्यानं काय करायचं? बघत बसायचं?"

याचं उत्तर आता शोधायचं. फेब्रुवारीअखेर ठरणार — गेम बाजारात जाणार की गुंडाळणार.

१२ जानेवारी

अनसशी भांडले. मी कागदावर रचते, तो त्याचा प्रोग्रॅम लिहितो. जुन्नरचा आहे, घाट त्यानंही पाहिलाय. तरी म्हणतो, "सायबाला माणूस पायजे ना? टाक माणूस. दे चाबूक हातात. पाचचं बटण दाबलं की फटका!"

म्हटलं, जुन्नरचा असून असं बोलतोस?

"मी जुन्नरचा हाय राव, पण पगार पुण्याचा हाय."



१५ जानेवारी, रविवार. शिनोली

नानांनाच विचारू म्हणून घरी आले. नानांचा गाडा अख्ख्या तालुक्यात नावाजलेला. त्यातही पाखऱ्या. हा बैल आणि ही मुलगी, यांत नानांचं लाडकं कोण, हे विचारायची सोय नाही. मी विचारतही नाही.

मी जन्मभर शर्यत पाहिली ती वरून, लांबून, बायकांच्या घोळक्यातून. खाली गाडा जुंपतात तिथं बाईमाणूस जात नाही. म्हणजे मला ठाऊक आहेत ते शेवटचे बारा सेकंद! त्याच्या आधी खाली काय चालतं, ते माहीतच नाही. आणि मी निघाले गेम रचायला.

नाना म्हणाले, "तुला काय करायचंय? बाया खाली येत न्हाईत." आणि वैरण टाकायला गेले. आईला विचारलं तर ती हसायला लागली. "मला तरी कुठं म्हाईतीय? तीस वर्सं नुसत्या भाकरी बांदून देतीय."

२४ जानेवारी

चाबूक बसवला. गाड्यावर माणूसही बसवला. सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती — "मला दे, मला दे!" साहेब खूश. मी स्वतः अर्धा तास खेळले. मजा आली, खोटं कशाला लिहू.

५ फेब्रुवारी, रविवार. शिनोली

घोडचूक केली. नानांना फोन दाखवला.

वाटलं, हरखतील. बैल मी पाखऱ्यालाच समोर धरून काढलाय — कपाळावर पांढरा टिळा, एक शिंग किंचित वाकडं. सगळा मिळून नखाएवढा, पण नानांनी क्षणात ओळखला. "आरं! पाख्या हाय की ह्यो!" असे हसले, की मला काही सुचेना. शहाणीसारखं मीच पाचचं बटण दाबलं. गाड्यावरच्या माणसानं चाबूक ओढला.

नानांनी फोन माझ्या हातात परत दिला. "ह्यो माजा बैल न्हाई."

नाना जेवायलाही थांबले नाहीत. मंचर येईपर्यंत मी एस.टी.त रडले. शेजारची बाई विचारत होती, "माहेरी कुणी गेलं का गं?"

९ फेब्रुवारी

नानांचा ऑफिसात फोन! चार वर्षांत पहिल्यांदा. "सोमवारी पुनवंची जत्रा हाय. ये. खाली नेतो तुला." ठेवलासुद्धा.

१३ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा

खाली गेले.

शेजारचे सोमाजीतात्या सगळ्यांदेखत म्हणाले, "सयाजीराव, पोरीला कशापायी आणली?" नाना म्हणाले, "तिच्या कामाचं हाय." कामाचं! मी करते त्याला नाना आजवर 'ते पुण्यातलं' म्हणायचे.

मला वाटायचं, खाली बैलांना चेतवत असतील. साफ उलटं! आठ माणसं चार बैलांना नुसती थोपवून धरून होती. नाना पाखऱ्याच्या कानाशी काहीबाही पुटपुटत होते, एवढं तर ते आईशीही बोलत नाहीत. मग त्यांनी माझा हात ओढून बैलाच्या बरगडीवर ठेवला.

"लागतंय का हाताला? धापतोय. आत्ता सोडला तर निम्म्या घाटात दम जातो. लई येळ धरला तर बिथारतो, बारी बाद. ह्यो दम खाली बसला ना, की सोडायचा. मंग आपलं काम संपलं."

"मग?"

"मंग काय! बघायचं."

हाताखालची धाप हळूहळू बसत गेली. घोडी पुढे निघाली, नाना ओरडले, आणि माझा हात एकदम रिकामा झाला. पुढचे बारा सेकंद आम्ही दोघं काहीही करू शकत नव्हतो. नानांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं, की वळ उठलाय.

खेळ खाली आहे. धरण्यात आहे, सोडण्यात आहे. साहेबांना उत्तर मिळालं!

१९ फेब्रुवारी

चाबूक काढला, माणूस उतरवला. आता एकच बटण. दाबून धरलं की फोन हातात थरथरतो, बैलाच्या श्वासासारखा — आधी जोरजोरात, मग संथ. संथ झाला की सोडायचं. दहा सेकंदांच्या वर धरलं तर बारी बाद. सोडल्यावर सगळी बटणं बंद. बघा नुसतं!

अनसनं तीन दिवसांत उभी केली. पहिली बारी खेळला आणि तळवे विजारीला पुसले. "लई बेकार हाय राव ही. घाम फुटला." म्हणजे आवडली.

२८ फेब्रुवारी

नाही घेतली.

साहेब तीनदा खेळले. वाईट माणूस नाहीत ते. म्हणाले, "चांगली ही आहे, पण खपेल ती." चाबूकवाली जाणार. त्यावर माझं नाव घालू का, विचारलं. नको म्हटलं. अनस माझ्या टेबलावर चहा ठेवून गेला. फार वाईट वाटतंय. उद्यापासून पुन्हा क्रिकेट.

५ मार्च, रविवार. शिनोली

माझा जुना फोन नानांना दिला, आपली गेम घालून. दुनियेत एक तरी खेळणारा असू दे!

सगळं सांगितलं — कंपनीनं घेतली नाही, हेही. "त्यांस्नी काय कळतंय," म्हणाले आणि खेळायला बसले. अंगठा केवढा, एकदम तीन बटणं दाबतो. पहिल्या चार बाऱ्या बाद. पाचवी वर चढली आणि नाना ओट्यावरून उठलेच. "शीला, आगं बारा पॉइंट चार!"

आई आतून म्हणाली, "मंग, वाजंत्री सांगू का?"

आज मी पोटभर जेवले.

१९ एप्रिल

पाखऱ्या गेला. पोट फुगलं. घोडेगावहून डॉक्टर येईतो संपला.

२२ एप्रिल, शनिवार

आईचा फोन. नाना सकाळपासून गोठ्यात बसलेत, फोन घेऊन. "निसतं दाबून धरत्यात गं. सोडतच न्हाईत. त्ये आपसूक बंद पडतं, की पुना दाबत्यात."

अनसला सांगितलं, दहा सेकंदांची अट काढून टाक. ती नवी गेम नानांच्या फोनात घालायला अडीचच्या एस.टी.नं निघतेय.