विहिरीत बुडालेली ‘विवेक’

देवळाली प्रवरा,
एप्रिल १९७२

तीर्थस्वरूप गहिनीनाथ दाजी यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

आपला दमा, ताईचा गुडघा आणि राहात्याची पेरूची बाग, तिन्ही बरी असतील असे धरून चालतो. इकडे सर्व कुशल आहे असे लिहायचा प्रघात आहे; पण प्रघातांविरुद्ध जन्मभर भाषणे करणाऱ्याने तरी खोटे लिहू नये. दाजी, मी घाबरलो आहे.

डिसेंबरच्या लढाईत पाणबुड्यांच्या बातम्या वाचल्यापासून शाळेत एक करून दाखवावी असे मनात होते. तुपाच्या लांबट डब्याची पाणबुडी केली, डांबराने सांधे बुजवले, पांढऱ्या रंगाने ‘विवेक’ हे नाव आणि खाली (मोह आवरला नाही) माझेही नाव घातले. आत बॅटरीचे दोन सेल आणि बल्ब, तोंडाशी सायकलच्या मागच्या दिव्याची लाल काच. पण हौदात सोडली तर ती कुशीवर लोळून आभाळाला उजेड दाखवू लागली. पोटात वजन हवे होते.

आमच्या पिण्याच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात गोटे आहेत, सगळे एका मापाचे. लोक त्यांना साती आसरा किंवा मावलाया म्हणतात, पाण्यातल्या देवी. दगड तो दगडच, हे मी चार बाजारांत टेबलावर मूठ आपटून सांगितले आहे. भर दुपारी विहिरीवर कुणी नव्हते. सहा गोटे पोटात घालून सुतळीने विहिरीत सोडली तेव्हा पाणबुडी अर्धी बुडून सरळ, डौलात तरंगली. तिथेच थांबायला हवे होते. पण सहा उचलून एक मागे ठेवणे मला विचारांशी तडजोड वाटली. सातवा घातला, सुतळी तुटली, आणि ‘विवेक’ दिव्यासकट तळाला गेली.

पाण्याला आलेल्या मुक्ताबाईने आधी रिकामा काठ पाहिला, मग तळाचा लाल उजेड. “मावलाया पान्यात गेल्या,” ती म्हणाली, “दिवा बी नेलाय.” दुसऱ्या दिवशी सेल संपले, उजेड विझला, आणि आता विहीर आटणार म्हणून बायका रडू लागल्या. कारभारी पाटील सर्वांदेखत मला म्हणाले, “गुरुजी, तुमी तर लई बोलत हुता. आता का गप?” मी विज्ञानाचे एक वाक्य जुळवत होतो, तोंडातून निघाले, “घसा बसलाय.”

खरी भीती पुढेच आहे. यंदा पाणी रोज चार बोटे उतरते. आठवडाभरात ‘विवेक’ माझ्या नावासकट उघडी पडेल, आणि या गावात मला पुन्हा कुणी पाणी देणार नाही. काल सकाळी पाणी वाढावे म्हणून मी अंगणात हात जोडले. कुणाला, ते विचारू नका. बायको मागे उभी होती. “डोक्यावर टोपी तरी घाला,” एवढेच म्हणाली.

आपला मेहुणा,
राधाकृष्ण

ता. क. बादल्या काढायचा तुमचा गळ घेऊन ताबडतोब या. माझी बादली पडली असे सांगू.

पुन्हा ता. क. गळ राहू द्या. पाकीट चिकटवता चिकटवता पाटील येऊन गेले. विहिरीतला गाळ काढायचा आहे, पण आसरांच्या धाकाने कुणी उतरायला तयार नाही. आसरांना न भिणारा गावात एकच माणूस आहे, असे सर्वानुमते ठरले. रविवारी मला दोराने खाली सोडणार आहेत. तरी आसरांची माफी कशी मागतात, काय काय वाहतात, ते ताईला विचारून उलट टपाली सविस्तर कळवा. पोस्टकार्ड नको, बंद पाकीट पाठवा. आमचा पोस्टमन माझी व्याख्याने ऐकून पुरोगामी झाला आहे.