आईने पाठवलेले उंदीर

आई, तू आज असतीस तर मी आधी तुझ्याशी कडाडून भांडले असते आणि मग तुझ्याकडे गरम भात मागितला असता. आता दोन्हीला माणूस नाही, म्हणून लिहायला बसले आहे. थोरलीला तिच्या बाबाने खाली फिरायला नेलंय, धाकटा माझ्या मांडीवर आहे आणि एका हाताने लिहिते आहे. अक्षर तुला आवडणार नाही.

तू गेल्यानंतरचं आधी सांगते. माझं लग्न रोह्यातच झालं. मावशीच्या घरापासून आमची बिल्डिंग चालत जाण्याइतकी जवळ आहे. नवरा धाटावला कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. मी शाळेत शिकवते, सध्या रजेवर. मूल व्हावं म्हणून आम्ही पुष्कळ वर्षं दवाखाने केले, आणि सगळ्यांनी विचारायचं सोडलं तेव्हा, चाळिशी आल्यावर, थोरली झाली. ती अडीच वर्षांची होते न होते तोच हा धाकटा आला, न मागता. त्यामुळे मला तक्रार करायची सोयच राहिली नाही. शेजारच्या काकू येतात, धाकट्याच्या टाळूला हात लावतात आणि म्हणतात, "एवढ्या वर्षांनी देवानं दोन-दोन दिली नि तू तोंड पाडून बसलीस व्हय?" मी तोंड पाडून बसलेली नसते गो. मी चिडलेली असते. सकाळी उठते तीच चिडलेली. कुणावर, ते ठरवायलाही वेळ मिळत नाही.

धाकट्याला पाजायला घेतलं की थोरलीला शी लागते. तिला धुवायला उठले की हा टाहो फोडतो. हा निजला की ती टोपावर टोप आपटते, आणि आतल्या खोलीत तिचा बाबा नाईट करून आल्यामुळे झोपलेला असतो, म्हणून मी दिवसभर ओठांवर बोट ठेवून फिरते. "हळू. बाबा झोपलाय. हळू. बाळ झोपलंय." दोन खोल्यांच्या घरात कुणी ना कुणी सतत झोपलेलं असतं, आणि ते कुणी मी नसते. थोरलीने बाळाचं टोपडं तांदळाच्या डब्यात पुरलं. बाळाच्या तेलाची वाटी स्वतःच्या डोक्यावर पालथी केली. एकदा तिने मला अगदी शांतपणे विचारलं, "बाळ परत कधी द्यायचं?" मी हसले, पण खरं सांगू, त्या वेळी मीही मनात तेच विचारत होते. नवरा वाईट नाही. उठला की कपडे वाळत घालतो, थोरलीला भरवतो. पण कंपनीची बस कोपऱ्यावर आली की त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, ती बघून मला त्याला डबा फेकून मारावासा वाटतो.

अशात माझी मोठी नणंद आली, डिंकाचे लाडू घेऊन. तिचं सासर पेणच्या पलीकडे, धरमतरच्या खाडीला लागून आहे. अंगण आहे, कोंबड्या आहेत, घरात चार बायका आहेत. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, वाळून काडी झालीस गो. दे हिला माझ्याकडं, गणपती होईपर्यंत. कोंबड्यांमागं धावंल, मासळी-भात खाईल, गोल होऊन येईल. आपल्यात तर रीतच हाय, दुसरं झालं की पहिल्याला जरा हलवायचं." मी एका दमात नाही म्हटलं. इतक्या जोरात की ती लाडवांचा डबा उघडता उघडता थांबली. "का गो? आमच्याकडं पोरं उपाशी ठेवतात काय?" तिला काय सांगणार होते मी? ती रीत मला माहीत आहे, ती माझ्यावर होऊन गेली आहे, हे सांगायला तुझे उंदीर काढावे लागले असते.

मला त्यातलं स्वतःचं काहीच आठवत नाही. जे आहे ते मावशीच्या तोंडचं. तू पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचीस, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचीस, आणि ऐन मोसमात भाऊ झाला. त्याची झोळी तू कारखान्यातच खांबाला बांधलीस. मी नुकती धावायला लागलेली, एका सकाळी मी वाळत ठेवलेल्या रांगेतल्या चार सोंडी मोडल्या. कारखान्याचा मालक चांगला माणूस होता म्हणे, ओरडला नाही, फक्त म्हणाला, "बाय, एक पोर आण. दोन नाय." भाऊ अंगावर पिणारा, म्हणून तो राहिला आणि मी गेले. मावशीचे यजमान टेम्पो चालवायचे, त्यांनी मला रोह्याला आणलं. पुढे त्यांची पेणला फेरी झाली की तू त्यांच्याबरोबर एक उंदीर पाठवायचीस. मूर्तीपुढचे उंदीर वेगळ्या साच्यात काढतात, दोन-चार जास्तीचे असतातच. तू पांढऱ्या उंदरावर बाकी काही रंगवायची नाहीस, फक्त दोन डोळे काढायचीस. आणि तो माझ्या हातात देताना मावशी म्हणायची, "आई आली बघ, आई आली." रात्री म्हणायची, "आईला कुशीत घे नि झोप." तिला माझं रडं थांबवायचं होतं, आणि ते थांबलंही.

गणपती झाल्यावर मला परत आणलं. तू दारात हात पसरून उभी होतीस. पुढचं मावशी प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीला सांगायची, तिच्याच आवाजात ऐक: "मी म्हणतंय, ही बघ तुझी आई, जा. तर हिनं मान हलवली. मूठ उघडली, उंदीर दाखवला, नि म्हणते कशी, ही नाय, ही आई!" मग सगळा मांडव हसायचा. मामाची पोरं मला कितीतरी वर्षं उंदराची लेक म्हणायची. आणि तू, मावशीने ही गोष्ट सुरू केली की तू उठून चुलीकडे जायचीस. कालवण झालेलं असायचं, उतरवलेलंही असायचं. तरी तू जाऊन झाकण काढून बघायचीस.

मी कॉलेजात होते तेव्हा अशाच एका बारशाहून एसटीने येताना मी तुला म्हटलं होतं, "तू मला टाकलंस." तू खिडकीतून बाहेर बघतच म्हणालीस, "टाकलं नाय गो, ठेवलं. टाकलेलं कोण परत आणतं?" मी पुन्हा विचारलं, "पण तुला काही वाटलं नाही?" तेव्हा तू रागावलीस. क्वचित रागवायचीस, म्हणून लक्षात आहे. "तुला पोरं झाली की विचार. आता नाय सांगत." त्यानंतर फार वर्षं काढली नाहीस तू. मला पोरं झाली, आई. विचारायला आले, तर तू नाहीस. माझ्या सगळ्या रागाच्या तळाशी हे एवढंच आहे की काय, असं कधी कधी वाटतं.

नणंदेला नाही म्हणण्याचं दुसरं कारणही होतं. धाकट्याच्या वेळी सिझर झालं. मी दवाखान्यात होते तेवढे दिवस नणंद इथे येऊन थोरलीपाशी राहिली आणि रोज व्हिडिओ कॉल लावायची. थोरली स्क्रीनवर ओठ टेकायची, मला घास भरवायची, भात सगळा फोनला. मग मी घरी आले. टाके ओढत होते, हातात गुंडाळलेला हा. नणंद दारात म्हणाली, "बघ बघ, कोण आलं?" थोरलीने माझ्याकडे बघितलं, हातातल्या गाठोड्याकडे बघितलं. आत पळाली. आत्याचा मोबाईल घेऊन आली, माझ्याकडे पाठ करून फरशीवर बसली आणि तो आत्यापुढे धरून म्हणाली, "आई लाव."

सगळे इतके हसले की नवऱ्याने भिंत धरली. नणंद आता ही गोष्ट जो येईल त्याला सांगते. आणि मी काय करते माहीत आहे? मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि झालेल्या डाळीचं झाकण काढून बघते.

एवढं सगळं माहीत असून मी तिला पाठवलं. तेच सांगायचं आहे. त्या दिवशी नवरा नाईट करून झोपला होता. मी धाकट्याला पाजत होते. थोरलीला माझ्या मांडीत बसायचं होतं आणि मांडी भरलेली होती. तिने बाळाचा पाय धरला आणि ओढला. "बाळ खाली. बाळ खाली." तो माझ्या हातातून निसटता निसटता राहिला. मी ओरडले. तशी मी आयुष्यात ओरडले नसेन, वर्गातसुद्धा. धाकटा प्यायचाच थांबला. नवरा दचकून दारात आला. आणि थोरली, भेदरलेली, ओठांवर बोट ठेवून मला म्हणाली, "आई, हळू. बाबा झोपलाय."

मी फोन उचलला आणि नणंदेला म्हटलं, "ताई, न्या तिला."

ती दुसऱ्या दिवशीच आली. मी तिला सांगितलं, "व्हिडिओ कॉल लावायचा नाही. एकदाही नाही." ती पुन्हा दुखावली. "आता ह्याच्यात काय वाईट? पोर तोंड तरी बघंल आईचं." मी म्हटलं, "तिला मी फोनमधली नकोय. रविवारी मी स्वतः येते न्यायला." "रविवारी? मग नेऊ तरी कशाला? येवढ्यात तिला कोंबड्यांची नावं पण पाठ व्हायची नायत." पण नेलं तिने. थोरली रिक्षात चढली ती उड्या मारतच. शेजारणीला करतात तसा मला टाटा केला.

मधेच नणंदेचा नवऱ्याला फोन आला, नुसता बोलायचा. "राहू दे की अजून. चांगली रमलीय. आठवण पण काढत नाय." त्याने मला सांगितलं तेव्हा मी पोळी लाटत होते, ती फाटली. रमलीय. मावशीने तुला हाच शब्द पाठवला असेल ना, टेम्पोबरोबर? उंदीर इकडे आणि हा शब्द तिकडे.

रविवारी आम्ही गेलो, धाकट्याला पंच्यात गुंडाळून, एसटीने. पेणमध्ये गाडी थांबली तेव्हा रस्त्याकडेच्या शेडमध्ये गणपती दिसले, प्लास्टिकखाली रांगेने बसलेले, पांढरे, अजून डोळ्यांवाचूनचे. मी उंदीर शोधले. गाडीतून दिसले नाहीत. नणंदेच्या अंगणात थोरली हातात कोंबडीचं पीस घेऊन उभी होती. मला बघितलं आणि आत्याच्या मागे गेली. "अगो, आई हाय तुझी," आत्या म्हणाली. मी धाकट्याला नवऱ्याकडे दिलं. हात पसरले नाहीत. ओट्यावर रिकामी मांडी घेऊन बसून राहिले. नणंद चहा करायला गेली, नवरा उगाच खाडीची चौकशी करत राहिला. खूप वेळाने थोरली जवळ आली. तिने माझ्या गालावर एक बोट टेकवलं आणि ते बाजूला सरकवलं, मोबाईलवर सरकवते तसं. पुन्हा एकदा. मी सरकले नाही. मग तिने माझ्या तोंडावर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि माझ्या मांडीत चढून बसली.

घरी आल्यापासून काही बदललेलं नाही. काल तिने धाकट्याचं दुपटं बादलीत बुडवलं. मी ओरडले. नवऱ्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा नाईट आहे. तुझ्या उंदरांतला एकच उरला आहे, एका कानाचा टवका उडालेला, तो मीठ-मसाल्याच्या फळीवर आहे. डोळे अजून तसेच आहेत. हा कागद घडी करून त्याच्याखाली ठेवणार आहे, दुसरं कुठे टाकायचा?

एक राहिलं. व्हिडिओ कॉल नको, मी फोनमधली आई होणार नाही, हे मी सगळ्यांना ऐकवलं आणि ते खरंच आहे. पण ती गेली त्या दुपारी धाकटा झोपला, नवरा त्याच्या शेजारी झोपला, आणि मीही आडवी झाले. जाग आली तेव्हा घरात इतकं शांत होतं की मला मोठी मुलगी आहे हेच थोडा वेळ आठवलं नाही. आठवल्यावरही मी लगेच उठले नाही. आणि रविवारी तिला आणायला निघताना, चप्पल घालता घालता, माझ्या मनात येऊन गेलं, रमलीय तर राहू दे.

तुला विचारायचं होतं ते एवढंच आहे. टेम्पो मला घेऊन गेला, माझं रडं कोपऱ्यावर विरलं, भाऊ झोळीत झोपला, आणि तू कुंचला उचललास. त्या दिवशी तुझा हात छान चालला का गो? डोळे नीट उतरले का? उतरले असतील तर मला बरं वाटेल. कारण मी फार छान झोपले, आई.