चिलमीवरचे हात

पिंपळगाव राजा,
ता. ९ सप्टेंबर २०२४

ती. कोकिळाताईस,

भागवतचा नमस्कार. भाऊजींनाही सांग.

इकडं सगळं ठीक. सोयाबीन शेंगांवर आहे. पाऊस चालू असल्यामुळं कुणाच्या विहिरीवरची मोटार जळत नाही, म्हणून माझ्या वायंडिंगच्या दुकानात शांतता. त्या शांततेत फोटोंचा संग्रह नव्यानं लावला. एकशे त्रेसष्ट झाले. सगळे जुने, आणि प्रत्येकात कुणीतरी ओढतंय: चिलीम, हुक्का, गुडगुडी, पाईप. मागच्या महिन्यात अकोल्याचे एक प्राध्यापक बघायला आले होते. त्यांनी वहीत गुडगुडीला हुक्का लिहिलं. मी तिथंच दुरुस्त करायला लावलं. आठवी नापास माणसाचं त्यांनी ऐकलं.

एक गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती. खामगावच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतले सात फोटो माझ्याकडं आहेत. सात वेगळी कोटवाली माणसं, पण पाईप एकच, टोकाशी टवका उडालेला. म्हणजे पाईप स्टुडिओचा. भिंग लावून पाहिलं. एकाही फोटोत धूर नाही, वाटीची कड काळी नाही. कधी पेटलेलाच नाही तो.

तू म्हणशील, सहा वर्षांनी पत्र लिहितो आणि पाईपचं सांगत बसतो.

मायच्या तेरवीला तू बोललीस ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "लोकायच्या बापायचे फोटो काचंत ठेवतं, अन् आपल्या मायचा वाळवीले खाऊ घातला." तू मागत होतीस तो मामाच्या लग्नातला फोटो. मांडवामागं चिलीम ओढता ओढता हसलेली माय. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून त्याला हार घालावा लागला. त्यानंतर तू या घरात आली नाहीस.

ताई, वाळवी लागली नव्हती. फोटो माझ्याकडं आहे.

१९९१ साली सोनाळ्याची मंडळी तुला पाहायला येणार होती. तुझे सासरे माळकरी, एवढं ऐकून होतो. मी अठरा वर्षांचा, आपल्याएवढी अक्कल घरात कुणालाच नाही असं वाटायचं. भिंतीवर माय चिलीम ओढताना दिसली तर स्थळ मोडेल, म्हणून सकाळीच फोटो उतरवला आणि दाढीच्या ब्लेडनं चिलीम खरवडून काढली. चिलीम मुठीत असते. तिच्याबरोबर बोटंही गेली. फोटो नुसता उतरवून पेटीत ठेवता आला असता. पण मला दुरुस्त करायचं होतं.

पाहुण्यांनी भिंतीकडं पाहिलंसुद्धा नाही. तुझे चुलत सासरे तर निघताना मायलाच म्हणाले, "बाई, चिलीम हाये का घरात?"

ते गेल्यावर मायनं फोटो पाहिला. "माह्ये हात कोठी गेले बे?"

मी म्हटलं, वाळवी.

ती म्हणाली, "हाव. मोठी हुशार वाळवी. बरोबर चिलीमच खाल्ली."

एवढंच. पण नंतर ती गोठ्यामागं जाऊन ओढायची, आणि कुणी कॅमेरा काढला की हात पदराखाली घ्यायची. तुला मी तीच वाळवी सांगितली.

परवा फोटो घेऊन खामगावला पंजाबरावांकडं गेलो. ते कॉम्प्युटरवर जुने फोटो दुरुस्त करून देतात. पाच मिनिटांत त्यांनी मायला हात बसवले. गोरेपान, लांब नखांचे, आणि त्या हातांत साहेबाचा वाकडा पाईप.

"झ्याक झाला ना?"

मी म्हटलं, "हे हात कधी वावरात निंदायले गेलेले नाहीत."

"मंग खऱ्या हाताचा फोटो आणा. जसाच्या तसा बसवतो."

एकशे त्रेसष्ट फोटोंत मी तेच धुंडाळत आलो. चिलीम धरलेले हात पुष्कळ आहेत, मायसारखे एकही नाहीत. तिचा डावा हात वर असायचा की उजवा, हेही मला आठवत नाही, आणि मी प्राध्यापकांच्या चुका काढतो. तुला आठवत असेल. चिलीम तू भरून द्यायचीस. आणि तुझी करंगळी तिच्यासारखीच आत वळलेली आहे. माझे हात बापाचे.

मायची चिलीम मी जपून ठेवली आहे. धुऊन आणतो. तुझ्या गळ्यात माळ आहे, माहीत आहे. स्टुडिओतल्या पाईपसारखी तीही पेटणार नाही. नुसती धरायची, ती धरायची तशी. तुझ्याच ओट्यावर, भाऊजींच्या समोर. पंजाबराव यायला तयार आहेत.

फोटो या पत्रासोबत रजिस्टरनं पाठवतो आहे. नको म्हणालीस तर त्या पांढऱ्या जागेसकट तुझ्याकडंच राहू दे. संग्रहात मी तो कधी घातला नाही. त्याला नंबर नाही.

तुझे हात फक्त फोटोपुरते पाहिजेत, असं शेवटी लिहिणार होतो. ते खरं नाही.

तुझा धाकटा,
भागवत