रायफल आणि मेथीची पिशवी

रविवार, संध्याकाळ. केनवड.

डोकं अजून तापेल हाय. एअर रायफल मले घ्याची होती. कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात माहा नेम पक्का होता. नवऱ्यानं तं कधी गुलेलही धरली नाही. तरी आज वाशिमच्या दुकानदारानं रायफल पाह्याले देली कोणाले? त्यायले. अन् माह्या हातात मेथीची पिशवी.

मी म्हटलं, "ती साधी, हलकी दाखवा. मले कागदावर नेम धराचा हाय."

दुकानदार माह्याकडं न पाहता यायले म्हणते, "ते लेकरायची हाय, भाऊ. दुर्बीणवाली न्या, वावरात पीक खाणारे रोही पयतीन."

हे खांद्याले लावून म्हणतात, "जड हाय, म्हणजे मजबूत हाय."

रायफल हाय का नांगर? दहाव्या छर्ऱ्याले हात थरथरला तं नेम लागन कसा? वरून दुप्पट महाग. मी तवाच काहून बोलली नाही? नुसती पिशवी धरून उभी राह्यली.

आता वसरीत शेजाऱ्याले सांगून राह्यले, "उद्या आमची रायफल आणतो."

चहा देता देता शेजाऱ्यादेखतच म्हटलं, "उद्या खांद्याले मी लावून पाहीन. पिशवी तुमी धरजा."