उशीवरची खूण

१२ मार्च

दुकानाच्या काचेत उशा मांडलेल्या. एका उशीवर आईचं मनगट!

मनगट नव्हे, मनगटावरची खूण. पण आमच्यात ते एकच. तीन आडव्या रेघा, मधली तुटकी, खाली दोन ठिपके. आमच्या प्रत्येक बाईची खूण वेगळी. आत्या ती मनात योजते आणि थेट कातडीवर टोचते. कागदावर, कापडावर, मातीत — कुठेही काढायची नाही. बाई गेली की तिच्याबरोबर जाते.

आणि ही उशी! चूक माझीच. कारण गोंदणाच्या अभ्यासाला आलेल्या मॅडमना घरी मीच नेलं होतं. दुभाषीही मीच.

१३ मार्च

मॅडमना फोन केला. "फोटो फक्त अभ्यासाला, कपाटाबाहेर जाणार नाहीत" — त्यांचं हे वाक्य मी आत्याला दोनदा सांगितलं होतं. एक शब्द न गाळता.

आज म्हणतात, "अगं, रागावतेस काय? आपली कला घराघरांत पोचली!"

आपली!

"आणि जबरदस्ती कुठे केली? तुम्ही लोकांनीच हौसेने हात पुढे केलेत."

तेव्हा मी 'बाळा' होते, आज 'तुम्ही लोक'.

१६ मार्च

घरी सांगून टाकलं. लपवणं जमेना. दादा म्हणाला, "घरात एकच शिकली, तिने घरच बाजारात मांडलं."

आई आधी हसली. "तुझ्या बापाला कधी या हातावर डोकं टेकू दिलं नाही, आता परकी माणसं घोरणार!" मग बाही खाली ओढली. एवढ्या उकाड्यात.

आत्या उठून अंगणात गेली. तेच जास्त लागलं.

१९ मार्च

दुकानातल्या सगळ्या उशा विकत आणल्या. वेडेपणा. आणखी येतीलच.

खुणा चार. आईची, काकूची, थोरल्या मावशीची. चौथी कुणाचीच नाही! वस्तीतल्या एकेका बाईचं मनगट आठवून पाहिलं. मॅडमनी ती मनानेच रचली असणार. बरं वाटलं. त्यांची लबाडी सापडली! उद्या आत्याला दाखवते.

२० मार्च

आत्याने उशी मांडीवर घेतली, त्या चौथ्या खुणेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "ही तुझी."

मला कळेचना.

"तू शहाणी झालीस तेव्हाच योजली होती. दर वर्षी विचारलं. परीक्षा होऊ दे, नोकरी लागू दे, ऑफिसात लोक बघतात..."

खरं आहे. असंच म्हणत आले मी.

मग तिने सांगितलं. फोटो काढले त्या दिवशी मी पाणी आणायला आत गेले होते. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. हिची कुठली? दुभाषी लागलाच नाही. आत्याने काटकीने अंगणात काढून दाखवली. मातीत! आत्याने!

"का गं आत्या?"

"कुणीतरी विचारलं म्हणून. तू कधी विचारलंस?"

२१ मार्च

सकाळीच तिच्यापुढे बसून हात पुढे केला. म्हटलं, टोच.

तिने मनगट अंगठ्याने हळूच चोळलं आणि माझ्या मांडीवर परत ठेवलं. "उष्टी खूण मी टोचत नाही, पोरी. उशीची झाली ती."

मग दुसरी योज.

"बाईला एकच असते."

येताना बाही खाली ओढून घेतली. झाकायला काही नव्हतं.