कच्च्या रंगावरचं स्वस्तिक

दसरा, मुलुंड
दिवेलागण झाल्यावर

आज चूक झाली माझ्या हातून. ह्यांनी आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारला कालच प्रायमर मारला, रंगाआधीचा तो राखाडी हात. पण दसऱ्याला गाडीची पूजा नको का? मी खाली गॅरेजमध्ये जाऊन ओल्या कुंकवाने बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. माळ देवघरातल्या उरलेल्या झेंडूचीच.

हे आले आणि ओरडलेच, "अगं, काय केलंस! प्रायमर पाणी पितो. डाग आत गेला ना!"

"कुंकवाला डाग म्हणू नका."

"बरं, कुंकू. घासायचं मलाच ना पण?"

लगेच पॉलिशपेपर घेऊन बसले. स्वस्तिक पुसायचं तर आधी हात तरी जोडावेत! नाही जोडले. मग मीच जोडले.

रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, संध्याकाळी दोघं देवळात जाऊ, येताना चार गोष्टी बोलू. पण ह्यांची संध्याकाळ सगळी खाली, माझी वर. त्या गाडीला सीट दोनच. दुसरी कोणाची, हे कधी म्हणाले नाहीत. मीही विचारलं नव्हतं.

आज विचारलं. "तयार झाली की मला आधी कुठे न्याल?"

मान वर न करता म्हणाले, "तुला गाडी लागते ना."

लागते, खरं आहे. लग्न नवीन होतं तेव्हा एसटीतसुद्धा लागायची. तेव्हा हे मला खिडकीशी बसवायचे आणि घाटभर कपाळ धरून ठेवायचे.