खोकल्याची जागा

प्रिय क्रेनवाल्या सूनबाई,

वीज काल दुपारी आली. आधी फ्रीज गुरगुरला, मग तुझ्या सासूबाई गुरगुरल्या, कारण दिवे गेले तेव्हा घरातली सगळी बटणं चालूच राहिली होती आणि भर दुपारी घर लग्नघरासारखं उजळलं. फोन चार्ज झाला तसे तुझे निरोप धडाधड येऊन पडले. सगळे वाचले. शेवटचाही वाचला, की मुंगी आईला विसरत चाललीय म्हणून तू क्रेनचा कोर्स अर्धवट टाकून परत येतेस. यावर फोनवर बोललो असतो, पण आपल्या दोघांचं फोनवर काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू हुंदका देतेस आणि मी नेटवर्क नाही असं सांगून फोन ठेवतो. म्हणून कागद घेतला. हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत कुठल्याही अर्जावर सही करू नकोस.

तुझ्या मनात काय सलतंय ते मला कळतं. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर पोरीने तुला मावशी म्हटलं आणि खेळायला पळाली. तू हसलीस खरी, पण तुझा चेहरा मी पाहिला. अगं, शेजारची मावशी तेव्हा इथेच बसली होती, पोरीची जीभ घसरली. मी इतकी वर्षं बस चालवली, घरी आल्यावर तुझ्या सासूबाईंना कितीदा तरी "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हटलंय. त्यांनी काही माहेर गाठलं नाही.

असो. तारांवर बर्फ साचून खांब आडवे झाले आणि अख्खी वस्ती अंधारात गेली, एवढं तुला कळलंच असेल. तुझा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपांपाशीच अडकला होता, घरी यायचा तो फक्त आडवा व्हायला. आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात मुक्काम हलवला. गॅस तेवढा चालू होता, त्यामुळे दोन वेळचं गरम मिळायचं. दाराला घोंगडी टांगली, गाद्या खाली घातल्या, फ्रीजमधलं सगळं गॅलरीत नेऊन ठेवलं, तर तिथे ते फ्रीजपेक्षा कडक झालं. सासूबाईंनी बटाटे, बटाटे आणि बदल म्हणून बटाटे केले. मी एकदा तोंड उघडलं, तर घराबाहेर किती थंडी आहे याची मला आठवण करून देण्यात आली. मुंगीला मात्र ही सगळी सहलच वाटत होती. फोन मरेपर्यंत.

तू तिकडे गेल्यागेल्या होस्टेलच्या खोलीतून जी गोष्ट रेकॉर्ड करून पाठवलीस ना, सर्दी झालेल्या हत्तीची, ती ऐकल्याशिवाय ही डोळा मिटत नाही. हत्तीने जिराफाकडे मफलर मागितला आणि फोन गार पडला. मग असं भोकाड पसरलं, की खालच्या मजल्यावरून विचारपूस आली. सासूबाईंनी स्वतःची एक गोष्ट सुरू केली, ती तिने नामंजूर केली. मी म्हटलं, रोज कानावर पडते, मीच सांगतो, त्यात काय मोठंसं.

सूनबाई, मागे बसलेल्या कुणीही आजवर मला गाडी कशी हाकायची ते शिकवलं नव्हतं. ते या साडेचार वर्षांच्या बाईने केलं. इथे आई थांबते. इथे आई हळू बोलते. इथे आई खोकते. मी सोंड वर करून हत्तीसारखा दणदणीत खोकलो. तर कपाळाला हात लावून म्हणते कशी, हत्ती नाही खोकत आजोबा, आई खोकते, हत्तीला नुसती सर्दी आहे. मग मी तुझ्यासारखा खोकलो. दोनदा, बारीक, तोंडावर हात धरून. तो तिने पास केला.

पुढे तुझी मैत्रीण दार वाजवते आणि तू "आले गं, दोनच मिनिटं" म्हणतेस, ते आम्हा म्हाताऱ्यांच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. त्या कामावर सासूबाईंची नेमणूक झाली, त्या लाटण्याने कपाट वाजवायच्या. शेवटी तुझ्या खिडकीखालून एक ट्रक मागे जातो, त्याचा भोंगा. तुझा नवरा एका संध्याकाळी उभ्या उभ्या पेंगत घरी आला, तर त्याला घोंगडीच्या पलीकडे उभं करून ट्रक बनवलं. बिचारा टूं टूं करत तिथेच झोपला.

आणखी एक. गोष्ट सुरू होण्याआधी ती पाण्याचा पेला भरून शेजारी ठेवायची आणि खोकल्याच्या जागी पुढे करायची. पहिल्या दिवशी मला भरून आलं, नातीला आजोबांची काय ही काळजी. मी घोट घेतला, तर हिचे गाल फुगले. ते तुझं नाही, आईचं आहे, तिथे तिला कुणी पाणी देत नाही, असं म्हणाली. मी पेला पुन्हा भरून तुझ्या नावाने शेजारी ठेवला.

आता खरं सांगतो. हुंदक्याचं आणि नेटवर्कचं कारण मी वर दिलं, ते अर्धंच खरं आहे. काल संध्याकाळी मी मुंगीच्या हातात चार्ज केलेला फोन दिला. ती कान लावून तुझी गोष्ट ऐकत बसली, मी भाजी चिरत होतो. तू खोकलीस आणि तिने अख्खा पेला फोनवर ओतला, सावकाश, तू पिशील अशा बेताने. फोन बंद पडला, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. कुणीही रागावलं नाही. तुझ्या सासूबाई डोळे पुसत फरशी पुसत होत्या. म्हणून हे पत्र. ही पोरगी तुला विसरली का, ते आता तूच ठरव. घरात आपण दोघंच ड्रायव्हर आहोत, तुझं लायसन्स बघितल्याशिवाय मी काही मरत नाही. कोर्स पुरा कर. तोवर हत्ती मला पाठ आहे. फक्त उशाशी पाणी भरून ठेवत जा आणि ते पिताना फोटो काढून पाठव, मी तिला तसा शब्द दिलाय.

तुझाच,
बाबा